पुरुषाच्या गाठीत वारेच्या पेशी

१९९६चा ऑक्टोबर. टेक्सासचा २५ वर्षांचा सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग खोकल्यातून रक्त पडू लागल्यावर डॉक्टरांकडे गेला. एक वृषण आधीपासूनच सुजलं होतं. पण तासन्‌तास सायकलवर बसणाऱ्याचं काहीतरी दुखायचंच, असं म्हणून त्याने ते अंगावर काढलं होतं. तपासण्यांत कर्करोग पोटात, फुप्फुसांत आणि मेंदूतही निघाला.

त्याच्या गाठीत अनेक प्रकारच्या कर्कपेशी होत्या. त्यांतला सर्वांत आडदांड प्रकार कोरिओकार्सिनोमा. वृषणातल्या बीजपेशींपासून होणाऱ्या शंभर कर्करोगांत निव्वळ कोरिओकार्सिनोमा एकही भरत नाही; बहुधा तो असा इतरांत मिसळलेलाच सापडतो.

‘कोरिऑन’ म्हणजे गर्भाचं बाहेरचं आवरण. त्यातूनच वार तयार होते. मग पुरुषाच्या अंगात वारेच्या पेशी आल्या कुठून? बीजपेशींच्या वंशात अख्खा जीव घडवण्याची क्षमता दडलेली असते. बिघडलेल्या बीजपेशी कधी केस, दात, कूर्चा घडवतात, तर कधी वारेसारख्या पेशी.

वारेचं कामच मुळी घुसखोरीचं. गर्भाशयाच्या अस्तरात शिरायचं, आईच्या रक्तवाहिन्या उघडायच्या आणि गर्भाला पोसायचं. गरोदरपणात या घुसखोरीला आवर असतो, गाठीत नसतो. वृषणाचे इतर कर्करोग सहसा लसिकावाहिन्यांच्या वाटेने आधी पोटामागच्या लसिकाग्रंथींत जातात. कोरिओकार्सिनोमा मात्र थेट रक्तात उतरतो आणि फुप्फुसं, यकृत, मेंदू गाठतो. मूळ गाठ कधी इतकी लहान असते, की हाताला लागतही नाही.

पण या पेशी स्वतःचा माग सोडतात. वारेप्रमाणेच त्याही एचसीजी हे संप्रेरक बनवतात, आणि गर्भधारणेच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते ती याच्यामुळेच. अशा पुरुषाची लघवी त्या पट्टीवर टाकली तर तिथेही रेघ उमटू शकते. एचसीजी फार वाढलं तर छाती स्तनांसारखी सुजते. थायरॉइडही चेकाळतं, कारण त्याला चेतवणाऱ्या संप्रेरकाशी एचसीजीची ठेवण जुळते. अर्थात, पट्टी कोरी आली म्हणजे कर्करोग नाही, असं नव्हे. वृषणाच्या कित्येक गाठी एचसीजी बनवतच नाहीत.

हा माग पहिल्यांदा नेटाने धरला मिन चिउ ली या डॉक्टरांनी. १९५६मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत ते वारेपासून झालेल्या कोरिओकार्सिनोमाच्या स्त्रियांवर मेथोट्रेक्सेटने उपचार करत होते. गाठी दिसेनाशा झाल्या तरी एचसीजी शिल्लक होतं, म्हणून त्यांनी औषध चालूच ठेवलं. हा अतिरेक आहे, असं ठरवून संस्थेने त्यांना काढून टाकलं. त्या स्त्रिया मात्र बऱ्या झाल्या. १९७२मध्ये ली लास्कर पुरस्काराचे मानकरी ठरले.

पुरुषांत तेच औषध फिकं पडलं. स्त्रीच्या गाठीत बाळाच्या बापाची जनुकं असतात, त्यामुळे तिचं शरीर ती परकी म्हणून ओळखतं, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. पुरुषाची गाठ त्याच्या स्वतःच्याच पेशींची.

पुरुषांसाठी वाट निघाली ती प्लॅटिनममधून. १९६५मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. जिवाणू विभागायचे थांबले आणि दोऱ्यांसारखे लांबत गेले. करामत विजेची नव्हती, इलेक्ट्रोडमधून झिरपलेल्या प्लॅटिनमची होती. त्यातून सिस्प्लॅटिन आलं. १९७४मध्ये लॉरेन्स आइनहॉर्न यांनी इंडियानापोलिसमध्ये ते इतर दोन औषधांच्या जोडीने वृषणाच्या कर्करोगावर वापरलं आणि हाताबाहेर गेलेले रुग्णही बरे होऊ लागले.

आर्मस्ट्राँगवरही तिथेच उपचार झाले. मेंदूतल्या गाठी शस्त्रक्रियेने काढल्या. नेहमीचं ब्लिओमायसिन फुप्फुसांना इजा करू शकतं, म्हणून सायकलपटूसाठी त्याऐवजी आयफोस्फामाइड निवडलं. उत्तेजकांमुळे पुढे त्याची विजेतेपदं गेली, ती गोष्ट वेगळी. कर्करोगातून मात्र तो बरा झाला.

वृषणात न दुखणारी, टणक गाठ लागली तर आजही आधी सोनोग्राफी होते आणि रक्तात एचसीजी, एएफपी व एलडीएच या कर्करोगाच्या खुणा तपासतात. आजारी वृषण जांघेतून छेद घेऊन काढतात. त्यानंतर रक्तातलं एचसीजी दर २४ ते ३६ तासांत निम्मं व्हायला हवं. ते मध्येच अडलं तर स्कॅन स्वच्छ असला तरी डॉक्टर थांबत नाहीत. लींची नोकरी गेली होती ती याच आग्रहापायी.