भांड्यांवरची नावे

एखाद्या जुन्या मराठी घरातील लोखंडी पेटी उघडून तिच्यात पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेले कागद, म्हणजे जमिनीची खरेदीखते, वाटणीपत्रे, कर्जफेडीच्या पावत्या आणि क्वचित एखाद्या इनामाची सनद, एकामागून एक वाचीत गेले असता, या घरात केवळ पुरुषच राहत होते की काय, अशी शंका वाचणाऱ्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही. खरेदी पुरुषांनी केलेली, गहाण पुरुषांनी टाकलेले, आणि खाली साक्षीही पुरुषांच्याच. त्याच घरातील स्त्रियांची नावे ज्याला पाहावयाची असतील त्याने ती पेटी बंद करून स्वयंपाकघरात जावे, फडताळाच्या वरच्या फळीवरून पितळेची परात किंवा तांब्याची कळशी खाली उतरवावी, आणि ती उजेडाकडे धरून तिच्या काठापाशी पाहावे.

भांड्यावर नाव घालण्याची चाल मुळात व्यवहाराच्या सोयीतून रूढ झाली. मंगल कार्यालये सर्वत्र होण्यापूर्वी लग्नमुंजीच्या पंगती दारच्या मांडवातच उठत, आणि दोनशे पानांना पुरतील इतकी पातेली, ओगराळी, पराती नि तांबे एका घरात असणे शक्य नसल्यामुळे शेजारपाजारची भांडी गोळा करावी लागत. कार्य उरकल्यावर ज्याचा जिन्नस त्याच्या घरी बिनतक्रार पोचता व्हावा, म्हणून नावाची खूण आवश्यक ठरे. पुढे भांड्यांच्या दुकानात विजेवर चालणारी सुई आली, तेव्हा दुकानदार भांडे तोलून झाल्यावर ‘नाव काय घालायचं?’ असे विचारू लागला. त्यापूर्वी हेच काम छिन्नी आणि हातोडी घेऊन ठिपक्याला ठिपका जोडीत होत असे. या सोयीला धर्मशास्त्राचाही आधार होता. विवाहप्रसंगी आईबापांनी अथवा भावाने दिलेली चीजवस्तू ही त्या स्त्रीचे स्त्रीधन होय, ही व्यवस्था याज्ञवल्क्यस्मृतीत आणि तिच्यावरील विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरा’ टीकेत स्पष्ट सांगितलेली आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मसिद्ध हिस्सा मिळण्यास महाराष्ट्रात १९९४ साल उजाडावे लागले; परंतु माहेरून आलेल्या घागरीवर तिचे नाव त्याआधी कित्येक पिढ्या लागत आले होते, आणि त्या नावापुढे सासरचा मोठा कर्ता पुरुषही गप्प बसे.

आमच्या घरात आजीच्या दोन वस्तू अद्याप रोजच्या राबत्यात आहेत. पहिली पितळेची परात, जिच्यात कणीक मळली जाते आणि जिच्या काठाखाली आजीचे सासरचे नाव, तिच्या यजमानांचे नाव व शके १८५१ हे वर्ष कोरलेले असून, कोरणाऱ्याला जागेचा अंदाज न आल्यामुळे शेवटची दोन अक्षरे ओळ सोडून वर चढली आहेत. दुसरे तांब्याचे लहानसे फुलपात्र. त्यावर एकच नाव आहे, आणि ते परातीवरील नावाहून वेगळे आहे. लग्नात वधूचे नाव बदलण्याच्या रिवाजामुळे आजीचे जन्मनाव घरात कोणाच्या तोंडी उरले नव्हते, कागदोपत्री तर ते कधी उमटलेच नव्हते. आम्हां नातवंडांना ते प्रथम कळले ते पाणी पिता पिता, त्या फुलपात्रावरची अक्षरे लावून वाचताना, आणि ‘ही कोण?’ असे विचारल्यावर आजीने ‘मीच ती’ असे उत्तर दिले तेव्हा.

अशा वस्तूंनी सांभाळलेला ऐवज केवळ नावांचा नसतो, विद्येचाही असतो. भारतात वजनमापांचा नवा कायदा १९५६ साली संमत झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम व लिटर बाजारात रुजू झाले. परंतु दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली हा हिशेब पुष्कळ घरांच्या कोठीतून आजही बेदखल झालेला नाही. दिवाळीची चकली घ्या. भाजणीला चार मापटी तांदूळ, दोन मापटी हरभऱ्याची डाळ आणि एक मापटे उडदाची डाळ असे प्रमाण ज्या घरात तोंडपाठ असते, तेथे ते मापटे ही त्या पाककृतीची अर्धी ओळ असते; आणि मोहनाचे तेल ज्या विवक्षित पळीने घातले जाते ती पळी गहाळ झाली, तर अनुभवी सुगरणीलाही पहिल्या घाण्याला चकली कडक होईल की विरघळेल याची धास्ती वाटते. पितळी सोऱ्या आणि त्याच्या चकत्या यांचीही तीच गोष्ट. सासूने सुनेला दिलेले शिक्षण शब्दांत फार थोडे असे. बाकीचे त्या सोऱ्याच्या दांड्यावर किती जोर द्यावयाचा, हे तिचा हात धरून दाखवण्यात असे.

वापर म्हटला की निगा आली, आणि तांब्यापितळेच्या निगेचा कणा म्हणजे कल्हई. ताक, आमटी, चिंचेचे सार असे आंबट पदार्थ उघड्या पितळेत राहिले की त्यातील आम्लाचा तांब्यावर परिणाम होऊन पदार्थ कळकतो, त्याला हिरवट छटा व कडवट चव येते, आणि तो पोटात गेल्यास मळमळ व वांती होते. ते टाळण्यासाठी भांड्याला आतून कथलाचा पातळ लेप देतात. कल्हईवाला अंगणाच्या कडेला लहानसा खळगा खणून त्यात कोळसा पेटवतो, भात्याने निखारा फुलवतो आणि घासून स्वच्छ केलेले भांडे त्यावर तापवतो. मग तो आत नवसागराची पूड टाकतो, तेव्हा नाकाला झोंबणारा पांढरा धूर उठतो. याच क्रियेत धातूवरील गंजाचा थर निघून जातो, एरवी कथील तेथे धरतच नाही. लगोलग कथलाची कांडी तापल्या भांड्याला टेकवली जाते. कथील अवघ्या २३२ अंश सेल्सिअसला वितळत असल्यामुळे ते पाण्यासारखे पसरते, कापसाच्या बोळ्याने ते सर्वत्र सारखे फिरवले जाते, आणि भांडे गार पाण्यात पडताच चर्र असा आवाज होऊन आतून रुपेरी उजेड बाहेर येतो. हा लेप वापराने झिजतो, म्हणून ही क्रिया पुन्हा पुन्हा करावी लागते. आणि दर खेपेला घरातील सर्व भांडी एकत्र मांडली जात असल्यामुळे कोणते कोणाचे, कोठून आले, कोणाच्या मुंजीत मिळाले, याची उजळणी आपोआप होई. पाट्यावरवंट्याला टाकी लावून घेण्याचा दिवस असाच असे. काळ्या दगडाला पुन्हा खरखरीतपणा आणणारी ती बाई दारात बसून छिन्नी चालवीत असता, हा पाटा कोणाबरोबर या घरात आला ही हकीकत कोणी तरी हमखास सांगे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शिरस्ता मोडला. जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, पातेली आधीच आली होती. त्यांच्या मागून आलेल्या स्टेनलेस स्टीलला ना कल्हई लागे ना चिंच, आणि गॅसच्या शेगडीवर ते हलके भांडे सोयीचेही होते. ज्या स्त्रीने जन्मभर राखेने पितळ घासून बोटे सोलून घेतली, तिने स्टीलचे स्वागत केले यात नवल नाही, आणि तिला दोष देण्याचा अधिकार परातीला कधी हात न लावलेल्या पुरुषांना तर मुळीच नाही. परंतु त्या काळी माजघरातले हंडे, घंगाळी आणि समया मोडीत निघाल्या तेव्हा तराजूने फक्त वजन पाहिले. किलोच्या भावाने धातूची किंमत आली. कोरलेल्या नावाला मोडीत भाव नसतो.

अशा वेळी ज्यांनी या वस्तूंची कदर केली त्यांत पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांचे नाव अग्रभागी येते. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वज्री, कुलपे, खलबत्ते, विळ्या असे लोकांच्या रोजच्या हाताळणीतील जिन्नस जमवले, त्या संग्रहाला आपल्या अकाली गेलेल्या राजा या मुलाचे नाव दिले, आणि १९७५ साली तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. बाजीराव रस्त्यावरील त्या संग्रहालयात वस्तूंची संख्या वीस हजारांच्या घरात आहे. तेथील अडकित्त्यांचे घाट पाहून मनुष्य थक्क होतो. परंतु तो अडकित्ता कोणत्या आजोबांच्या पानाच्या डब्यात असे, हे सांगणारे माणूस वस्तूबरोबर संग्रहालयात येऊ शकत नाही. संग्रहालय घाट, धातू आणि कारागिरी वाचवते. घरची कैफियत वाचवणे हे घराचेच काम आहे.

आज पितळेला पुन्हा प्रतिष्ठा आलेली दिसते. घंगाळात फुले तरंगतात, बंबाला लाख लावून तो दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभा केला जातो. मोडीपेक्षा हे बरे, यात संशय नाही. तथापि ज्या बंबाच्या मधल्या नळीत विस्तव आणि सभोवती पाणी असल्यामुळे थोड्या सरपणात आंघोळीचे पाणी कढत होते, तो निदान नरकचतुर्दशीच्या पहाटे पेटवला, तर त्याची राख कोठून काढावयाची आणि पाणी घातल्यावाचून त्यात विस्तव का घालावयाचा नाही, हे कोणा वडीलधाऱ्याला सांगावे लागते, आणि त्या सांगण्याच्या ओघात बाकीचे सारे येते. शोभेच्या वस्तूविषयी कोणी काही विचारीत नाही. वापरातील वस्तूविषयी विचारावेच लागते. मालकी कागदाने सिद्ध होत असेल, पण आठवणीवरचा हक्क वहिवाटीनेच शाबीत होतो.

यास्तव घराची वाटणी करताना भांडी वजनाने न वाटता नावाने वाटावीत, हे उत्तम. जी परात जिच्या नावाची, ती तिच्या लेकीसुनांपैकी जी तिच्यात कणीक मळणार असेल तिला द्यावी. देण्यापूर्वी अक्षरांवर कागद धरून त्यावरून शिसपेन्सिल फिरवून ठसा काढून ठेवावा, कारण रोजच्या घासण्याने ठिपके बुजतात आणि पुढे कोणाला काही वाचता येत नाही. आणि जागा शिल्लक असेल तर घेणारीने आपलेही नाव, या वेळी जन्मनावासह, जुन्या नावाखाली घालून घ्यावे.