अधिकार नसलेल्या परिषदेचे वजन : कॅलिफोर्नियाची सागर संरक्षण परिषद कशी चालते?

कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०२३ मध्ये संमत केलेल्या एका कायद्यानुसार प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरील आणि सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतीच्या स्थानिक प्रशासनांना १ जानेवारी २०३४ पर्यंत वाढत्या समुद्रपातळीला तोंड देण्याचा आराखडा तयार करावयाचा आहे. सॅन होजेचा सखल अल्विसो परिसर, फॉस्टर सिटी, रेडवूड सिटी अशा अनेक वस्त्या या कायद्याच्या कक्षेत येतात. तेथील रस्ते, मलनिःसारण केंद्रे, कार्यालये आणि घरे यांचे भवितव्य या आराखड्यांवर अवलंबून राहील. आराखडा करणाऱ्या प्रत्येक अभियंत्यापुढे पहिला प्रश्न असतो तो आकड्याचा. पाणी किती वाढेल असे गृहीत धरायचे?

हा आकडा बहुतांशी एकाच दस्तऐवजातून घेतला जातो. ‘कॅलिफोर्निया ओशन प्रोटेक्शन कौन्सिल’, अर्थात सागर संरक्षण परिषद, हिने जून २०२४ मध्ये समुद्रपातळीविषयीची सुधारित मार्गदर्शिका स्वीकारली. राज्याच्या किनाऱ्यावर २०५० पर्यंत सरासरी सुमारे ०.८ फूट, म्हणजे २४ सेंटिमीटर, वाढ अपेक्षित धरावी, तर २१०० पर्यंतच्या सर्वांत प्रतिकूल चित्रात ती ६.६ फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे दोन मीटरपर्यंत, जाऊ शकते असे त्यात नमूद आहे. या परिषदेला बांधकामाचा परवाना देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार नाही. ती कोणाला दंड करू शकत नाही, कोणती नौका अडवू शकत नाही. तरीही तिचा शब्द नियोजनाचा पाया ठरतो. हे कसे घडले, हे समजून घेतल्यास सागरी संपत्तीच्या रक्षणासाठी नेमलेले सल्लागार मंडळ केव्हा उपयुक्त ठरते आणि केव्हा केवळ नामफलकापुरते उरते, याचा उलगडा होतो.

एक समुद्र, अनेक खाती

किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपर्यंतचे पाणी कॅलिफोर्निया राज्याच्या अखत्यारीत येते; त्यापुढे संघराज्याची हद्द सुरू होते. राज्याच्या या चिंचोळ्या पट्ट्यातही कारभार विभागलेला आहे. किनाऱ्यावरील बांधकामाचा निर्णय कोस्टल कमिशन घेते. समुद्रतळाच्या जमिनीचे भाडेपट्टे स्टेट लँड्स कमिशनकडे असतात. मासेमारीचे नियम फिश अँड गेम कमिशन ठरवते आणि पाण्याच्या शुद्धतेची जबाबदारी स्टेट वॉटर बोर्डाची आहे.

यातील प्रत्येक संस्थेला स्वतंत्र इतिहास आहे. २८ जानेवारी १९६९ रोजी सँटा बार्बरानजीकच्या तेलविहिरीतून गळती होऊन किनारे काळवंडले. त्यानंतरच्या लोकक्षोभातून १९७२ मध्ये मतदारांनी जनमताने किनारा आयोग निर्माण केला आणि १९७६ च्या कोस्टल ॲक्टने त्याला कायमस्वरूप दिले. मात्र हा आयोग प्रामुख्याने जमिनीकडून समुद्राकडे पाहणारा होता. माशांची घट, सांडपाणी, समुद्रतळाचा वापर आणि बदलते हवामान या गोष्टी परस्परांत गुंतलेल्या असतानाही त्यांचा एकत्रित विचार करण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती.

हाच दोष दोन राष्ट्रीय अहवालांनी अधोरेखित केला. लिऑन पॅनेटा यांच्या अध्यक्षतेखालील प्यू ओशन्स कमिशनने २००३ मध्ये, तर निवृत्त ॲडमिरल जेम्स वॉटकिन्स यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय सागरी धोरण आयोगाने सप्टेंबर २००४ मध्ये आपला अंतिम अहवाल सादर केला. पहिला आयोग खासगी प्रतिष्ठानाच्या पाठबळावर नेमलेला, दुसरा संसदेच्या कायद्यान्वये स्थापन झालेला. परंतु दोघांचेही निदान एकच होते. तुकड्यातुकड्यांनी चालणारा कारभार ही समुद्राच्या दुरवस्थेची एक मुख्य कारणमीमांसा होती. त्याच महिन्यात गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी कॅलिफोर्निया ओशन प्रोटेक्शन ॲक्टवर स्वाक्षरी केली आणि सागर संरक्षण परिषद अस्तित्वात आली.

रचनेतील चार आधार

परिषदेची रचना आटोपशीर आहे. नैसर्गिक संसाधन खात्याचे सचिव तिचे अध्यक्षपद भूषवतात. त्यांच्यासमवेत पर्यावरण संरक्षण खात्याचे सचिव, स्टेट लँड्स कमिशनचे अध्यक्ष आणि गव्हर्नरांनी नियुक्त केलेले दोन नागरिक असे एकूण पाच मताधिकारी सदस्य असतात. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतील प्रत्येकी एक सदस्य मताधिकाराविना बसतो. खात्यांमध्ये समन्वय साधणे, वैज्ञानिक माहितीची देवाणघेवाण घडवणे आणि कायद्यात कोणते बदल हवेत याची शिफारस करणे ही तिची कामे होत.

एवढ्यावर ती इतर अनेक समित्यांसारखीच ठरली असती. तिला वेगळेपण देणारे चार आधार आहेत. पहिला, तिचा जन्म कायद्यातून झाला आहे. म्हणून गव्हर्नर बदलला तरी ती आपोआप बरखास्त होत नाही. दुसरा, तिच्या साहाय्यासाठी वैज्ञानिक सल्लागारांचे स्वतंत्र पथक असते. तिसरा, तिच्या हाती निधी आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या ‘प्रपोझिशन ८४’ या रोखे-प्रस्तावातून सागर संरक्षण निधीसाठी नऊ कोटी डॉलर राखून ठेवले गेले. चौथा, राज्याच्या खुल्या सभांच्या कायद्यामुळे तिचे कामकाज जनतेसमोर चालते. ज्या मंडळाकडे हुकूम देण्याची सत्ता नसते, त्याच्यासाठी विश्वासार्ह माहिती आणि ती मिळवण्यासाठी लागणारा पैसा हीच खरी साधने असतात.

सल्ल्याचा नियम कसा होतो

या साधनांचा उपयोग कसा होतो, याचे बोलके उदाहरण म्हणजे किनाऱ्यावरील वीजप्रकल्पांचे शीतकरण. जुन्या प्रकल्पांमध्ये समुद्राचे पाणी ओढून घ्यायचे, यंत्रे थंड करायची आणि तापलेले पाणी पुन्हा समुद्रात सोडायचे, अशी पद्धत होती. पाण्याबरोबर माशांची अंडी आणि पिल्ले आत खेचली जात. मोठे जीव जाळ्यांवर आदळून मरत.

एप्रिल २००६ मध्ये परिषदेने ही पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे आवाहन करणारा ठराव केला. ठराव वॉटर बोर्डावर बंधनकारक नव्हता. वीजपुरवठा कोलमडेल आणि पर्याय परवडणार नाहीत, हे दोन आक्षेप अपेक्षितच होते. परिषदेने त्यांवर वाद घालत न बसता अभ्यास करवून घेतले. प्रत्येक प्रकल्पाला दुसरी कोणती शीतकरण यंत्रणा बसवता येईल आणि तिचा खर्च किती येईल, तसेच वीजजाळ्यावर काय परिणाम होईल, याचे अहवाल २००८ मध्ये उपलब्ध झाले. मे २०१० मध्ये वॉटर बोर्डाने १९ प्रकल्पांना लागू होणारे धोरण स्वीकारले. ठरावापासून नियमापर्यंत चार वर्षे लागली आणि त्या काळात परिषदेने केलेले मुख्य काम म्हणजे निर्णय घेणाऱ्याच्या हाती पुरेशी माहिती देणे.

समुद्रपातळीच्या आकड्यांबाबतही असेच घडले. २०१० मधील अंतरिम मार्गदर्शिकेनंतर २०१३, २०१८ आणि २०२४ मध्ये तिच्यात सुधारणा झाल्या. २०१८ च्या आवृत्तीत शतकाअखेर सुमारे दहा फूट वाढीचे एक टोकाचे चित्र समाविष्ट होते. नव्या संशोधनाच्या आधारे २०२४ मध्ये ते वगळण्यात आले. धोका वाढवून सांगण्याचा किंवा लपवण्याचा आरोप होऊ शकेल अशा विषयात, पुरावा बदलला की आकडा बदलण्याची ही तयारी परिषदेच्या विश्वासार्हतेला पोषक ठरली. समुद्रतळाचे नकाशे तयार करण्याच्या कार्यक्रमाला आणि २०१२ मध्ये पूर्ण झालेल्या १२४ सागरी संरक्षित क्षेत्रांच्या प्रारंभिक पाहणीलाही तिने आर्थिक बळ दिले. ही क्षेत्रे राज्याच्या सागरी हद्दीचा सुमारे १६ टक्के भाग व्यापतात.

आदेशाने आले, आदेशाने गेले

कायद्याचा आधार किती महत्त्वाचा, हे वॉशिंग्टनमधील घडामोडींशी तुलना केल्यास लक्षात येते. एप्रिल २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलमंचावर स्फोट होऊन ११ कामगार मृत्युमुखी पडले. तेलाचा प्रवाह १५ जुलै रोजी रोखला गेला आणि चारच दिवसांनी अध्यक्ष बराक ओबामा यांनी कार्यकारी आदेशाद्वारे राष्ट्रीय सागर परिषद स्थापन केली. तिच्या छत्राखाली प्रादेशिक नियोजन मंडळे उभी राहिली. ईशान्य आणि मध्य-अटलांटिक किनाऱ्यांचे सागरी आराखडे २०१६ च्या अखेरीस मान्य झाले.

जून २०१८ मध्ये अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी दुसऱ्या आदेशाने तो आदेश रद्द केला. परिषद गेली, प्रादेशिक मंडळांची व्यवस्थाही गेली. तिच्या जागी आर्थिक उपयोगावर अधिक भर देणारी आंतरखात्यीय सागरी धोरण समिती आली. एका स्वाक्षरीने जे उभे राहते ते दुसऱ्या स्वाक्षरीने मोडता येते. सागरी परिसंस्थेतील बदल दशकांच्या मापाने मोजावे लागतात. त्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे आयुष्य निवडणुकीच्या चक्राशी बांधलेले असेल तर निरीक्षणांची साखळीच तुटते.

मर्यादाही तितक्याच ठळक

कॅलिफोर्नियाच्या परिषदेचे यश अमर्याद मानण्याचे मात्र कारण नाही. शीतकरणाच्या धोरणातील मुदती वीजटंचाईच्या भीतीने पुनःपुन्हा वाढवण्यात आल्या. डायब्लो कॅन्यन अणुप्रकल्प २०३० पर्यंत सुरू ठेवण्याची वाट २०२२ च्या कायद्याने मोकळी केली. सरकारला निकड भासली की सल्ला मागे पडतो, हे यातून दिसले.

निसर्गापुढेही परिषद हतबल ठरते. २०१३ पासून तारामाशांवर आलेल्या रोगाने सी-अर्चिन या काटेरी जीवांचा नैसर्गिक शत्रू नाहीसा झाला. पाठोपाठ सागरी उष्णतेची लाट आली. उत्तर कॅलिफोर्नियातील केल्प या उंच सागरी शैवालाची नव्वद टक्क्यांहून अधिक वने काही वर्षांत नष्ट झाली आणि तेथील लाल ॲबलोनी शिंपल्यांची हौशी मासेमारी २०१८ मध्ये बंद करावी लागली. परिषद अशा वेळी संशोधनाला आणि पुनर्लागवडीच्या प्रयोगांना निधी देऊ शकते. पाण्याचे तापमान उतरवू शकत नाही.

प्रतिनिधित्वाचा प्रश्नही उरतोच. पाच मताधिकाऱ्यांमध्ये मच्छिमारांसाठी राखीव जागा नाही. अध्यक्षच मंत्रिमंडळातील असल्याने सरकारला न रुचणारा सल्ला किती स्पष्टपणे दिला जाईल, ही शंका रास्त ठरते. रोख्यांतून येणारा निधी मतदारांच्या मर्जीवर अवलंबून असतो.

कोकण किनाऱ्यासाठी काय घेण्याजोगे?

महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी परंपरेने ७२० किलोमीटर सांगितली जाते. तेथेही कारभार विभागलेला आहे. मासेमारी मत्स्यव्यवसाय खात्याकडे, लहान बंदरे महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे, तर खारफुटी वन विभागाच्या २०१२ मध्ये स्थापन झालेल्या कांदळवन कक्षाकडे आहे. केंद्राच्या सीआरझेड अधिसूचनेची अंमलबजावणी महाराष्ट्र किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण पाहते. या प्राधिकरणाचे मुख्य काम प्रकल्पागणिक प्रस्ताव तपासणे आणि उल्लंघनांची दखल घेणे हे आहे. त्याची मुदत ठरावीक वर्षांची असते आणि ती संपली की केंद्राकडून फेररचना व्हावी लागते.

एकेका प्रकल्पाची छाननी आवश्यकच आहे. पण एक जेट्टी, एक रस्ता आणि एक रिसॉर्ट स्वतंत्रपणे नियमांत बसत असले, तरी त्यांचा एकत्रित भार खाडीला पेलवेल का, हा प्रश्न अशा छाननीत सहज निसटतो. कॅलिफोर्नियाच्या रचनेतून घेण्याजोगा धडा येथेच आहे. परवाना देणाऱ्या यंत्रणेला पर्याय नव्हे, तर तिला संपूर्ण किनाऱ्याचे चित्र पुरवणारी, कायद्याने स्थिर केलेली आणि स्वतःच्या अभ्यासासाठी निधी असलेली संस्था ही खरी पूरक गरज आहे. तिच्यात कोळी समाजाला सुरुवातीपासून जागा असेल, तर कॅलिफोर्नियात राहिलेली उणीवही टाळता येईल.

सहभागाचा दरवाजा

कॅलिफोर्नियातील मराठी व्यावसायिकांसाठी एक बाब विशेष उपयुक्त आहे. परिषदेच्या सभांची विषयपत्रिका किमान दहा दिवस आधी प्रसिद्ध करावी लागते आणि कोणालाही त्यांवर मत मांडता येते. त्यासाठी नागरिकत्वाची अट नाही. व्हिसावर राहणारी व्यक्तीही बोलू शकते किंवा लेखी निवेदन पाठवू शकते. जलशास्त्र, माहिती-विश्लेषण, विमा वा स्थापत्य या क्षेत्रांत काम करणाऱ्यांच्या निवेदनाला येथे अर्थ असतो, कारण परिषद ज्या कागदांवर आपला सल्ला उभा करते त्यांत ते दाखल होते. स्थानिक प्रशासनांचे समुद्रपातळीविषयक आराखडे २०३४ पर्यंत आकार घेणार आहेत. आपल्या शहराने त्यांत कोणता आकडा धरला आहे आणि कोणत्या वस्त्या सुरक्षित मानल्या आहेत, हे विचारण्याची हीच वेळ आहे.