यीस्टच्या पाकिटावरचे गाव



आपल्यापैकी ज्या बहिणी घरी पाव किंवा हल्ला भाजतात, त्यांना 'फ्लाइशमन्स' हे नाव वेगळे सांगायला नको. यीस्टची तीन जोडलेली पिवळी पाकिटे प्रत्येक दुकानात मिळतात, त्यांवर हेच नाव असते. जर्सी सिटीत आल्यापासून माझ्या स्वयंपाकघरात ती पाकिटे आहेत. पण त्या नावाचे एक गाव आहे, आणि ते आपल्यापासून अडीच-तीन तासांच्या अंतरावर कॅट्स्किलच्या डोंगरात आहे, हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते.

आम्ही तिथे गेलो ते मात्र यीस्टसाठी नव्हे. गेलो सासूबाईंसाठी.

झाले असे, की मुंबईहून माझ्या धाकट्या दिरांनी कागद पाठवले होते. अलिबागजवळ आमचे वडिलोपार्जित घर आहे. कौलारू, चार खोल्यांचे, पुढे ओटी, मागे नारळाची छोटी वाडी. सासरे गेल्यानंतर तिथे आमचे कोणी राहात नाही. गावातलेच एक कुटुंब गेली वीस-बावीस वर्षे मागच्या दोन खोल्यांत राहून घर राखते. आता गिऱ्हाईक आले होते, भाव चांगला होता, आणि सासूबाईंची सही हवी होती. कागद आले आणि दोन महिने फ्रीजवर पडून राहिले. सासूबाई "सही करते" म्हणत नव्हत्या, "नाही करत" असेही म्हणत नव्हत्या. विषय निघाला की उठून आत जात. ह्यांची चिडचिड होई, मग दोघेही जेवताना गप्प.

सुक्कोथचे सण संपले आणि मी म्हटले, पुरे झाले, दोन दिवस सगळे मिळून कुठेतरी जाऊ या. सासूबाई म्हणाल्या, "हॉटेलात मी येणार नाही. हॉटेलात माणूस कोंडल्यासारखं होतं. आणि खायचं काय?" मुद्दा बरोबर होता. म्हणून कोणाच्या तरी घरातच खोल्या मिळतात का ते पाहायला लागलो, आणि मुलीने यादीतले नाव वाचून दाखवले. मी म्हटले, "अगं, हे तर यीस्टचं नाव!"

घरमालकीण बाईंना फोन करून मी दोनच गोष्टी विचारल्या. स्वयंपाकघरात आमची भांडी आणून आम्हाला शिजवता येईल का? आणि शनिवारी गाडी न काढता पायी फिरता येईल असे गावात काही आहे का? बाई म्हणाल्या, "एक शेगडी आणि एक फळी तुमची. आणि गाव एवढं लहान आहे, की गाडी काढलीत तर गाव संपून जाईल."

गुरुवारी न्यूअर्क अॅव्हेन्यूवरून तांदळाचे पीठ, नारळ, पोहे घेतले. शुक्रवारी मुलगी शाळेतून येताच निघालो, कारण सूर्यास्ताच्या आत पोचायचे होते. गार्डन स्टेट पार्कवे संपतो तिथे न्यूयॉर्क थ्रूवे लागतो. तो किंग्स्टनला सोडायचा आणि २८ नंबरच्या रस्त्याला लागायचे. अंतर सुमारे १३० मैल. किंग्स्टननंतर डोंगर जवळ येऊ लागतात. ऑक्टोबरचा मध्य, त्यामुळे झाडे लाल, पिवळी, शेंदरी झालेली.

गाडीत मी थोडे वाचून दाखवले. पूर्वी शहरातले लोक या डोंगरात जायचे ते मॅनहॅटनहून फेरीबोटीने हडसन ओलांडून आपल्या शेजारच्या वीहॉकेनला येत. तिथे वेस्ट शोअर रेल्वेत बसत, किंग्स्टनला अल्स्टर अँड डेलावेअरची गाडी धरत आणि डोंगर चढत. त्या डोंगरी फाट्यावरची प्रवासी गाडी १९५४ साली बंद झाली. सासूबाई एकदम बोलत्या झाल्या. "म्हणजे आमच्यासारखंच. भाऊच्या धक्क्यावरून लाँच, रेवसला उतरायचं, मग एस.टी. मे महिना लागला की ट्रंका बांधून तयार. लाँच हलली की तुझी आत्या ओकायची." दोन महिन्यांत गावाचे नाव त्यांच्या तोंडून आलेले ते पहिलेच. ह्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिले, पण बोलले नाहीत.

घर लाकडी, दुमजली, पुढे लांबलचक पोर्च. सासूबाई पायरी चढल्या, खांबाला हात लावला आणि तिथल्या खुर्चीवर बसल्या. "ही तर ओटीच की." बाई साठीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. वरच्या तीन खोल्या पाहुण्यांना देतात. आम्ही मेणबत्त्या काढल्या तेव्हा मात्र त्या घाबरल्या. जुने लाकडी घर, आगीची भीती. शेवटी स्टीलच्या ताटात पाणी घालून, त्यात वाटी ठेवून, ओट्यावर शब्बाथचे दिवे लावले. मनुकांचे शरबत घरून बाटलीत आणले होते. किद्दूश होईपर्यंत बाई दारात उभ्या राहिल्या आणि संपल्यावर "आता मी बसू का?" असे विचारून आमच्याबरोबर जेवायला बसल्या. भात, नारळाच्या दुधातली माशांची आमटी आणि हल्ला. यीस्ट अर्थात फ्लाइशमन्सचेच.

रात्री इतकी शांतता, की मला झोपच लागेना. आमच्या जर्नल स्क्वेअरजवळच्या घरात रात्रभर बस, पोलिसांच्या गाड्या आणि वरच्या मजल्यावरची पावले. इथे फक्त ओढ्याचा आवाज. ओढ्याचे नाव बुश किल. 'किल' म्हणजे जुन्या डच भाषेत ओढा, त्यातूनच कॅट्स्किल हे नाव.

आता थोडे गावाविषयी. १८७७ साली साराटोगाच्या एका मोठ्या हॉटेलाने जोसेफ सेलिगमन या नावाजलेल्या बँकरला केवळ यहुदी म्हणून खोली नाकारली. त्या काळात अशी नाकारणारी हॉटेले पुष्कळ होती. यीस्टचा कारखानदार चार्ल्स फ्लाइशमन, त्याचा धंदा सिनसिनाटीत. त्याने १८८३ साली या गावाजवळ जमीन घेतली आणि घरे बांधली. आप्तमित्र आले, पाठोपाठ हॉटेले आली. गावाचे तेव्हाचे नाव ग्रिफिन्स कॉर्नर्स. चार्ल्सच्या मुलाने, म्हणजे ज्युलियसने, आपले बेसबॉलचे मैदान गावाला दिले आणि १९१३ साली गावाने त्यांचे नाव घेतले. रेडिओवर गाजलेल्या 'द गोल्डबर्ग्ज'ची लेखिका गर्ट्रूड बर्ग हिच्या वडिलांचे हॉटेलही याच गावात होते. पाहुण्यांची करमणूक करता करता ती तिथेच लिहायला शिकली.

पण मला सर्वांत आवडली ती गरिबांची सोय. कॅट्स्किलमधले यहुदी शेतकरी उन्हाळ्यात आपल्या घरातल्या खोल्या शहरातल्या कामगार कुटुंबांना देत. स्वयंपाकघर एकच, शेगड्या वाटून घ्यायच्या, आपले आपण शिजवायचे. यिद्दिशमध्ये त्याला 'कोखालेन' म्हणत, म्हणजे 'स्वतःच शिजवा'. बायका-मुले उन्हाळाभर तिथे, नवरे शनिवार-रविवारपुरते. मी सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आपण काल तेच केलं."

पुढे विमानप्रवास स्वस्त झाला, शहरात घरोघरी एअरकंडिशनर आले, आणि बाकीच्या हॉटेलांची दारेही यहुद्यांना उघडली. मग इथे कोण येणार? कॅट्स्किलमधली शेकडो हॉटेले एकेक करून बंद पडली. ग्रॉसिंगरसारखे नावाजलेले हॉटेलसुद्धा १९८६ साली बंद झाले. आमच्या या गावाला २०११ च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळाच्या पुरानेही झोडपले. आज वस्ती काही शेकड्यांची. उन्हाळ्यात हसिदी कुटुंबे येतात, आणि मेक्सिकोहून आलेली कुटुंबे बारा महिने राहतात.

शनिवारी सकाळी चौघे पायी निघालो. पहिल्यांदा १९०१ सालचे छोटेसे स्कीन वाचनालय पाहिले, मग ते मैदान. तिथून सिनेगॉगकडे. लाकडी इमारत, साधारण १९२० ची, राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीतली. दार बंद होते. सासूबाईंना इंग्रजी फारसे येत नाही, पण अक्षरे लावून वाचता येतात. त्यांनी नाव वाचले, पुन्हा वाचले आणि माझा दंड धरला.

"अगं, हे तर आपलंच नाव!"

सिनेगॉगचे नाव 'बेनाय इस्राएल'. अश्केनाझी लोकांनी बांधलेले, त्यांना आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांची काय माहिती! पण नाव तेच. सासूबाई पायरीवर बसल्या. अलिबागच्या इस्राएल आळीतल्या मागेन आबोथ सिनेगॉगची आठवण निघाली. त्यांचे लग्न तिथेच झालेले. "तेव्हा बसायला जागा पुरली नव्हती," म्हणाल्या. मुलीने विचारले, "आजी, आपलं घर विकणार का?" मी तिला डोळ्यांनी दटावले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "शब्बाथला विक्रीचं बोलू नये. उद्या बोलू."

रविवारी सकाळी त्यांनी शेगडीचा ताबा घेतला आणि घावन काढले. नारळाचा रस काढायला वेळ नव्हता, म्हणून बाईंनी मेपल सिरपची बाटली पुढे केली. आमच्याकडे रस-घावन खाणाऱ्यांना हे पाप वाटेल, पण खरे सांगते, छान लागते. बाईंनी पाच खाल्ले. मग सासूबाईंनी नातीला मध्ये घालून विचारले, "एवढं घर एकटीला परवडतं कसं?"

बाईंनी आढेवेढे न घेता सांगितले. मालमत्तेचा कर, हिवाळ्यातले तेल, छपराची दुरुस्ती. पाहुण्यांचे पैसे त्यातच जातात, हातात काही उरत नाही. "मग देतेस कशाला खोल्या?" बाई म्हणाल्या, "घर रिकामं राहिलं तर दोन हिवाळ्यांत पाण्याचे नळ फुटतील, मग भिंती. पाहुणे आले की घर गरम राहतं. आणि सकाळी कोणासाठी तरी कॉफी करावी लागते."

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग मराठीत, कोणाला उद्देशून नव्हे, म्हणाल्या, "आपल्याकडे पावसाळा. शाकारणी चुकली एक वर्ष की वाळवी. आपलं घर उभं आहे ते मागच्या खोलीत चूल पेटते म्हणून." आणि ह्यांना म्हणाल्या, "तुम्ही दोघं भाऊ भाव विचारता. त्या माणसांना विचारलंत का, ती कुठे जाणार?"

हे काही बोलले नाहीत. विचारले नव्हते, हे खरेच होते. मीही विचारले नव्हते.

परतताना अशोकान जलाशयाजवळून आलो. न्यूयॉर्क शहराला पाणी पुरवण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बांधला, तेव्हा खोऱ्यातल्या सुमारे दोन हजार लोकांना घरे सोडावी लागली. रस्त्याकडेला तपकिरी पाट्या आहेत, अमुक गावाची जुनी जागा, तमुक गावाची जुनी जागा. मुलगी एकेक वाचत होती. आपण जर्सी सिटीकर तरी कुठे वेगळे? १९०४ साली पुऱ्या झालेल्या आपल्या बूंटनच्या जलाशयाखालीही जुने बूंटन गाव आहे. सासूबाई म्हणाल्या, "आपली गावं आडनावात तरी राहिली. पेणकर, रोहेकर, किहीमकर. पण गावात आपलं दार कुठलं, हे सांगायला कोणीतरी हवं."

घरी आल्यावर त्यांनी सही केली नाही, कागद फाडलाही नाही. रात्री, म्हणजे तिकडे सकाळी, अलिबागला फोन लावायला सांगितला. घर राखणाऱ्या बाई अर्धा तास त्यांच्याशी बोलत होत्या. त्यांचा मुलगा म्हणाला, आसपास सगळीकडे 'घरगुती जेवण व राहण्याची सोय' अशा पाट्या लागल्या आहेत, पुढच्या दोन खोल्या नीट केल्या तर आम्ही चालवू. सरकारची निवास न्याहारी योजना आहे, तिची चौकशी दीर करणार आहेत. दिरांना हे फारसे पटलेले नाही, आणि त्यांचेही चुकत नाही. छपराला पैसे लागतील, ते आम्ही दोघा भावांनी निम्मे-निम्मे घालायचे ठरले आहे. एक वर्ष पाहायचे, नाही जमले तर विकायचे, पण त्या कुटुंबाची व्यवस्था लावून. एवढ्यावर दोन्ही भाऊ राजी झाले. पहिले पाहुणे आम्हीच, येत्या डिसेंबरात. सासूबाईंनी बजावले आहे, की आपणही पैसे देऊन राहायचे.

आपल्यापैकी कोणाला फ्लाइशमन्सला जायचे असेल तर काही सूचना. शुक्रवारी दुपारी दोनच्या आत निघा, थ्रूवेवर गर्दी असते. खोली ठरवतानाच स्वयंपाकघराचे स्पष्ट विचारा, भांडी व सुरी आपली न्या. मेणबत्त्यांचे आधी सांगा. सिनेगॉग आतून पाहायचे असेल तर उन्हाळ्यात, चौकशी करून जा. गाव सुमारे दीड हजार फुटांवर आहे, ऑक्टोबरात रात्री चांगलीच थंडी पडते, म्हाताऱ्या माणसांसाठी गरम कपडे घ्या. आणि तांदळाचे पीठ जास्त घ्या. घरमालकीण बाई घावन मागणार.