विलायतेतली स्पोर्ट्स कार: ऐकीव आणि खरं

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या भाच्याने किंवा पुतणीने दोन सीटची, उघड्या टपाची गाडी घेतली की इकडे घरात पहिला प्रश्न ठरलेला: 'किती देते?' दुसरा, 'तिकडे पेट्रोल काय भाव?' तिसरा सहसा कुणी तोंडावर विचारत नाही, पण मनात असतो: रविवारी सकाळी ही मंडळी गाड्या घेऊन जमतात, तिथे नेमकं करतात काय? तिन्ही प्रश्नांची उत्तरं आपल्याकडे सिनेमातून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आधीच पोचलेली असतात आणि त्यातली बरीचशी चुकीची असतात.

'जमतात म्हणजे शर्यत लावतात'

शर्यत लावणारे आहेत, पण ते वेगळे. वेस्ट मिडलंड्स भागात रात्री रस्त्यावर टायर जाळणाऱ्या, सिग्नलपासून सिग्नलपर्यंत गाड्या पळवणाऱ्या टोळक्यांचा इतका उच्छाद झाला, की वुल्वरहॅम्प्टन आणि बर्मिंगहॅमच्या पालिकांनी हायकोर्टातून मनाई हुकूम आणले. हुकूम मोडला तर तो कोर्टाचा अवमान ठरतो आणि तुरुंगवास होऊ शकतो. वुल्वरहॅम्प्टन परिसरातला हुकूम तर नुसत्या बघ्यांनाही लागू आहे. शिवाय 2002 च्या पोलीस सुधारणा कायद्यातलं 59 वं कलम आहेच. बेपर्वा गाडी चालवून लोकांना त्रास दिला तर आधी ताकीद आणि वर्षभरात पुन्हा तसंच केलं तर गाडी जप्त.

मालकांच्या क्लबांचं जमणं याच्या दुसऱ्या टोकाला असतं. ब्रिटनमधला माझदा एमएक्स-5 मालकांचा क्लब 1994 पासून आहे. अशा क्लबांच्या गावोगावच्या शाखा महिन्यातून एकदा एखाद्या पबच्या आवारात भेटतात. या भेटीला तिकडे 'नॉगिन अँड नॅटर' म्हणतात. पेला समोर ठेवून गप्पा, एवढाच कार्यक्रम. पेल्यात बहुतेकांच्या काहीतरी बिनदारूचं असतं, कारण परत गाडी चालवायची असते. बॉनेट उघडली जातात, कुठल्या गॅरेजवाल्याने किती घेतले याची चौकशी होते, टपाच्या कापडातून गळणाऱ्या पाण्यावर अर्धा तास जातो. हजर मंडळींत पिकल्या केसांचे लोक पुष्कळ. शर्यतीची अपेक्षा घेऊन गेलेला तरुण पाहुणा तासाभरात कंटाळेल.

मोठी ठिकाणंही आहेत. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरचा एस कॅफे 1938 मध्ये सुरू झाला, मधली कित्येक वर्षं बंद राहिला आणि 2001 मध्ये पुन्हा उघडला. त्याची ओळख मोटरसायकलवाल्यांची, पण गाड्यांच्या संध्याकाळीही तिथे होतात. वॉरिकशरमध्ये स्ट्रॅटफर्डजवळ 2018 मध्ये 'कॅफीन अँड मशीन' निघालं, तो पब खास गाडीवेड्यांसाठीच. गुडवुडच्या जुन्या सर्किटवर रविवारी सकाळी 'ब्रेकफास्ट क्लब' भरतो. तिथे रेस ट्रॅक पायाखाली असूनही गाड्या उभ्याच असतात. अमेरिकेतल्या 'कार्स अँड कॉफी'चा घाटही असाच: शनिवारी किंवा रविवारी भल्या पहाटे या, कॉफी प्या, नऊ-दहाच्या आत घरी जा. पहाटेची वेळ निवडण्यामागे घरच्यांची नाराजी टाळणं हेही एक व्यावहारिक कारण असतं. हे अनुभवी माणसाला सांगायला नको.

'स्पोर्ट्स कार म्हणजे पेट्रोल पिणारच'

कुठली स्पोर्ट्स कार? बुगाटी शिरॉनला शंभर किलोमीटरसाठी बावीस लिटरच्या वर पेट्रोल लागतं, तेही कंपनीच्या चाचणीत. पोर्शे 911 ला साधारण दहा लिटर. पण जगात सर्वांत जास्त खपलेली दोन सीटची उघडी गाडी एमएक्स-5 आहे. ती 1989 मध्ये शिकागोच्या मोटर शोमध्ये लोकांसमोर आली आणि 2016 मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. तिच्या दीड लिटर इंजिनाच्या चालू पिढीचा चाचणीतला आकडा शंभर किलोमीटरला सव्वासहा लिटरच्या आसपास आहे, म्हणजे लिटरला जवळपास सोळा किलोमीटर. पुण्या-मुंबईत ऐटीत फिरणाऱ्या बऱ्याच पेट्रोल एसयूव्ही शहरात याच्या जवळपासही जात नाहीत.

यात चमत्कार काही नाही. गाडीचं वजन हजार-अकराशे किलो. वजन कमी म्हणून इंजिन छोटं चालतं, ब्रेक छोटे चालतात आणि टायरही स्वस्तात येतात. शक्ती वाढवून मिळणारा वेग आणि वजन उतरवून मिळणारी चपळाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते गंमत दुसरीत जास्त आहे.

चालवणाऱ्याचा पाय मात्र हिशेबात धरायला हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 100 किलोमीटरऐवजी 200 ने गेलात तर तेवढंच अंतर कापताना हवेशी चौपट झुंजावं लागतं. जर्मनीच्या ऑटोबानचा मोठा भाग कायमच्या वेगमर्यादेविना आहे, तरी 1978 पासून 130 चा वेग 'शिफारस' म्हणून आहे. ती शिफारस झुगारून धावणाऱ्या ब्रिटिश पाहुण्याला पेट्रोलच्या काट्याचा धक्का ठरलेला.

'माझी गाडी चाळीस देते'

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. ब्रिटनमध्ये पंपावर पेट्रोल लिटरने मिळतं, पण गप्पांत आणि जाहिरातीत मायलेज मोजतात मैल प्रति गॅलन. आणि गॅलन दोन आहेत. ब्रिटिश गॅलन 4.546 लिटरचा, अमेरिकन 3.785 लिटरचा. लंडनच्या मालकाचे 'चाळीस' म्हणजे लिटरला सुमारे 14 किलोमीटर. न्यू जर्सीच्या मालकाचे 'चाळीस' म्हणजे 17. एकच गाडी, एकच रस्ता, एकच पाय, तरी ब्रिटिश आकडा नेहमी वीस टक्के मोठा दिसणार. लंडनचा भाऊ आणि न्यू जर्सीचा भाऊ यांच्यात यावरून वाद पेटला तर दोघेही आपापल्या जागी बरोबर असण्याची शक्यता मोठी.

'परदेशात पेट्रोल स्वस्त, तिकडे कर कुठे असतो?'

ब्रिटनमध्ये इंधनावरचा उत्पादन कर 2011 पासून लिटरला 57.95 पेन्स होता. मार्च 2022 मध्ये तो पाच पेन्सनी उतरवून 52.95 केला. त्यावर 20 टक्के व्हॅट, आणि हा व्हॅट पेट्रोलच्या मूळ किमतीवर तर लागतोच, वर उत्पादन करावरही लागतो. करावर कर. 2025 मध्ये पंपावरचा सरासरी दर बराच काळ 130 ते 140 पेन्सच्या दरम्यान होता. 135 पेन्स धरले तर त्यात साडेबावीस पेन्स व्हॅटचे आणि 52.95 उत्पादन कराचे, म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम सरकारची. पौंड 115 रुपयांचा धरला तर हा लिटर 155 रुपयांना पडतो. त्याच काळात मुंबईत लिटर एकशेतीन रुपयांच्या आसपास होता. जुलै 2022 मध्ये तर ब्रिटनमध्ये दर 191 पेन्सवर गेला होता.

स्वस्ताईची जी कल्पना आपल्या डोक्यात आहे ती आखातातून आलेली आहे. तीही पूर्वीइतकी खरी नाही. संयुक्त अरब अमिरातींनी ऑगस्ट 2015 पासून सरकारी बांधील दर सोडून दिले आणि दर महिन्याला जागतिक बाजाराप्रमाणे नवा दर जाहीर होऊ लागला. 2025 मध्ये तिथे 95 ऑक्टेनचं पेट्रोल साधारण अडीच ते पावणेतीन दिरहमच्या दरम्यान होतं. रुपयांत ते साठच्या आसपास जातं. मुंबईपेक्षा स्वस्तच, पण 'पाण्यापेक्षा स्वस्त' हे आता नुसतं बोलणं आहे.

ब्रिटनमध्ये आणखी एक फरक खिशाला कळतो. मोटरवेवरच्या थांब्यावर तोच लिटर गावातल्यापेक्षा वीस पेन्सनी किंवा त्याहूनही महाग मिळू शकतो. म्हणून क्लबची मंडळी लांबच्या भेटीला निघताना घराजवळच्या सुपरमार्केटच्या पंपावर टाकी फुल करतात. सुपरमार्केटचं पेट्रोल हलकं असतं, हाही एक गैरसमजच. ब्रिटनमध्ये विकलं जाणारं प्रत्येक पेट्रोल एकाच मानकात बसावं लागतं. कंपन्यांचा फरक असतो तो त्यात घातलेल्या, इंजिन साफ ठेवणाऱ्या रसायनांचा.

'महाग पेट्रोल घातलं की गाडी जोरात पळते'

ऑक्टेनचा आकडा पेट्रोलमधली ऊर्जा सांगत नाही. ठिणगी पडण्याआधी किंवा पडल्यावर भलत्या वेळी मिश्रण आपोआप पेटण्याला, म्हणजे 'नॉकिंग'ला, ते किती दाद देत नाही हे सांगतो. ज्या इंजिनात दाब जास्त असतो, उदाहरणार्थ टर्बोच्या गाड्या, आणि ज्याचा संगणक ते ओळखून ठिणगीची वेळ पुढे आणू शकतो, तिथे 99 ऑक्टेनचा फायदा होतो. बाकीच्या गाडीत 95 पुरतं आणि वरचे पैसे टाकीत जिरतात. इंधनाच्या झाकणामागे कंपनीने काय लिहिलं आहे ते पाहावं, शेजारच्या गाडीवाल्याचं ऐकू नये.

अमेरिकेत पंपावर 91 दिसतं म्हणून तिकडचं पेट्रोल हलकं समजणारेही भेटतात. तिकडे मोजण्याची पद्धत निराळी आहे. अमेरिकन 91 म्हणजे युरोपीय किंवा भारतीय पद्धतीने जवळपास 95-96.

गंमत अशी, की ब्रिटनमध्ये महाग पेट्रोलची खरी गरज नव्या झगमगीत गाडीपेक्षा जुन्या साध्या गाडीला जास्त आहे. सप्टेंबर 2021 पासून तिथलं नेहमीचं पेट्रोल ई-10 झालं, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल जुन्या रबरी नळ्यांना आणि सीलना त्रास देतं आणि पाणी ओढून घेतं. माझदाने युरोपातल्या आपल्या 2002 नंतरच्या पेट्रोल गाड्यांना ई-10 चालेल असं सांगितलं आहे. त्याआधीच्या एमएक्स-5 ला ई-5 लागतं, आणि ते आता महागड्या 'सुपर' प्रकारातच मिळतं. मायलेजही ई-10 ने किंचित उतरतं, कारण इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. आपल्याकडे ई-20 वरून जी तक्रार ऐकू येते तिचं मूळही हेच. आपल्याकडे इथेनॉल दुप्पट आहे, एवढंच.

'मारतो तो पेट्रोलचा खर्च'

हिशेब करून पाहू. हौसेची गाडी वर्षाला तीन हजार मैल फिरली, म्हणजे सुमारे 4,800 किलोमीटर. लिटरला 14 धरले तर साडेतीनशे लिटरपेक्षा थोडं कमी, म्हणजे साधारण 465 पौंड. लिटरमागे पंधरा पेन्स जास्त देऊन सुपर घातलं तरी वर्षाला पन्नासेक पौंडांचा फरक.

आता बाकीचं बघा. 40,000 पौंडांहून महाग नवी गाडी घेतली तर नेहमीच्या 195 पौंड रोड टॅक्सवर दुसऱ्या वर्षापासून पाच वर्षं जादा 425 पौंड, हे एप्रिल 2025 चे दर. खूप धूर सोडणारी गाडी असेल तर त्याच दरांप्रमाणे पहिल्याच वर्षी 5,490 पौंड. विम्यासाठी गाड्यांचे 1 ते 50 गट असतात, आणि 911 सारख्या गाड्या शेवटाला. एक्झॉस्ट बदलला, चाकं बदलली आणि विमा कंपनीला कळवलं नाही, तर अपघातानंतर दावा नाकारला जाऊ शकतो. ट्रॅकवरचा दिवस नेहमीच्या विम्यात सहसा बसत नाही.

आणि लंडनची युलेझ. 29 ऑगस्ट 2023 पासून हा कमी-धुराचा पट्टा जवळजवळ सगळ्या ग्रेटर लंडनवर पसरला आहे. नियमात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड. नव्वदच्या दशकातली एमएक्स-5 पेट्रोलवर चालणारी असूनही सहसा यात अडकते. साडेबारा पौंडांत सव्वानऊ लिटर पेट्रोल येतं, म्हणजे 130 किलोमीटरची फेरी. एस कॅफेला जाऊन यायला एवढं पेट्रोलही लागत नाही, पण आकार भरावाच लागतो. चाळीस वर्षं पुरी झालेल्या गाड्यांना ही फी माफ आहे आणि रोड टॅक्सही. आजच्या नियमाप्रमाणे 1990 मध्ये बनलेल्या एमएक्स-5 ला रोड टॅक्सची ती सवलत एप्रिल 2031 मध्ये मिळेल.