अडचण अंतराची नाही, पायरीची

वृद्धांना दवाखान्याचं अंतर तितकं अडवत नाही, जितकी बसची पायरी अडवते. इंदूरच्या एबी रोडवर 2013 मध्ये सुरू झालेल्या, सुमारे साडेअकरा किलोमीटरच्या बीआरटीएसने, म्हणजे बससाठी राखीव मार्गाने, ही अडचण दूर केली होती. फलाट बसच्या दाराला जवळपास समतल, त्यामुळे गुडघे धरलेला माणूसही कठड्याच्या आधाराने आत जाई. फेब्रुवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने हा मार्ग हटवायला परवानगी दिली. वाहतूक कोंडीची तक्रार खोटी नव्हतीच. पण कोंडी राखीव मार्गिकेमुळे होती, समतल चढण्यामुळे नव्हे. जमिनीपासून 400 मिलिमीटर उंचीच्या फरशीची बस साध्या रस्त्यावरही धावते.

‘रिक्षा आहे की!’ म्हणणाऱ्यांनी आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणाऱ्याचा महिन्याचा हिशेब मांडून पाहावा. 108 रुग्णवाहिका तातडीच्या रुग्णांसाठी. मे 2025 मध्ये मेट्रो सुरू झाली ती सुपर कॉरिडॉरवर, एमवाय या सरकारी रुग्णालयापासून लांब. तेव्हा नव्या बस घेताना शहर बससेवा चालवणाऱ्या एआयसीटीएसएलने आसनांआधी पायरी मोजावी आणि रुग्णालयांजवळचे थांबे रिकामे ठेवावेत. तिथे गाड्या उभ्या असल्या, की कमी उंचीची बसही भर रस्त्यातच थांबते.