एका फुटाचा एक इंच

खेळण्यातील मोटार आणि प्रमाणशीर प्रतिकृती या दोहोंत पुष्कळ अंतर आहे. खेळण्याने मोटारीची आठवण करून दिली म्हणजे झाले. त्याची चाके अंमळ मोठी असली, दिवे नुसतेच रंगविलेले असले, तरी कोणाचे काही बिघडत नाही. प्रतिकृतीने मात्र मूळ यंत्राशी इमान राखावयाचे असते. अशा प्रतिकृतींचे जुळणीसंच आता अनेक देशांत तयार होतात. पेटी उघडली की प्लॅस्टिकच्या चौकटींना लगडलेले शेकडो लहानमोठे भाग दिसतात, सोबत आकृत्यांची एक पुस्तिका असते, आणि पुढचे सर्व काम विकत घेणाऱ्याच्या बोटांवर सोपविलेले असते. हे काम म्हणजे कसे, याची कल्पना यावी म्हणून येथे एकच मोटार घेऊ : कंप्रेसर बसविलेली साडेचार लिटरची बेंटली, जी ‘ब्लोअर’ या नावाने ओळखली जाते.

शर्यतीच्या जुन्या मोटारींना सरसकट ‘व्हिंटेज’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. पण इंग्लंडात १९३४ साली स्थापन झालेला व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब हा शब्द फार काटेकोरपणे वापरतो. १९३० साल संपेपर्यंत बांधली गेलेली मोटार ती व्हिंटेज; त्यानंतरची कितीही देखणी असली तरी तिला तो मान नाही. ब्लोअर बेंटली ही या काळाच्या अगदी उंबरठ्यावरची मोटार. तिची १/१२ प्रमाणातील प्रतिकृती एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने १९७१ साली बाजारात आणली.

जुळणीला हात घालण्यापूर्वी मूळ मोटारीची हकिकत ठाऊक असणे अगत्याचे आहे. ती ठाऊक नसेल, तर हातातले भाग म्हणजे नुसते प्लॅस्टिकचे तुकडे.

डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी १९१९ साली आपली कंपनी काढली. मोटारीला अधिक वेग हवा असेल तर तिचे इंजिन मोठे करावे, असे त्यांचे साधे आणि ठाम मत होते. साडेचार लिटरच्या इंजिनात चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास १०० मिलिमीटर, पिस्टनची धाव १४० मिलिमीटर. ते पुरेसे वेगवान ठरेना, तेव्हा बेंटलींनी साडेसहा लिटरचे इंजिन पुढे केले. परंतु त्यांच्याच चमूतील एक शर्यतपटू सर हेन्री बर्किन (लोक त्यांना टिम म्हणत) यांना दुसरी वाट दिसत होती. इंजिन तेवढेच ठेवावे, पण त्याच्या छातीत हवा मात्र दाबून भरावी. हवा अधिक गेली म्हणजे इंधनही अधिक घालता येते, आणि त्याच सिलिंडरातून अधिक शक्ती निघते. हवा दाबून भरणारे यंत्र म्हणजेच कंप्रेसर किंवा सुपरचार्जर. ते ॲमहर्स्ट विलियर्स या अभियंत्याने तयार केले, आणि डोरोथी पॅजेट या धनाढ्य बाईंनी बर्किन यांच्या चमूच्या खर्चाचा भार उचलला.

बेंटलींना हा प्रकार मुळीच रुचला नाही. त्यांच्या दृष्टीने हे आपल्या इंजिनाची रचना भ्रष्ट करण्यासारखे होते. पण कंपनीची सूत्रे तोवर वुल्फ बार्नाटो यांच्या हाती गेली होती. ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत भाग घेता यावा म्हणून अशा पन्नास मोटारी बांधण्यास त्यांनी संमती दिली. बेंटलींनी तरीही एक गोष्ट सोडली नाही : कंप्रेसर सामावून घेण्यासाठी इंजिनात फेरफार करू देण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी ते अवजड यंत्र बसवायचे कोठे, असा प्रश्न आला. आणि ते क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला, रेडिएटरच्याही पुढे, उघड्यावर बसविण्यात आले.

ब्लोअर बेंटलीचे ते जगप्रसिद्ध तोंड अशा रीतीने तयार झाले. ते कोण्या कलावंताने रेखाटलेले नाही. दोन माणसांचा मतभेद मिटला नाही, आणि तो न मिटलेला मतभेद लोखंडी तुळयांच्या मध्ये, दिव्यांच्या खाली, सर्वांना दिसेल असा ठेवला गेला. मोटारीची शक्ती सुमारे ११० अश्वशक्तीवरून १७५ वर गेली, शर्यतीच्या रूपात तर २४० पर्यंत. पण पुढच्या चाकांवर वजन वाढले, वळणावर मोटार नाखुशीने वळू लागली, आणि इंजिनाचे आयुष्य धोक्यात आले.

आता पेटीकडे वळू. १/१२ हे प्रमाण फुटा-इंचात वाढलेल्या माणसाला सोयीचे आहे : मुळातला एक फूट म्हणजे प्रतिकृतीतला एक इंच. साडेचार लिटर बेंटलीच्या नेहमीच्या सांगाड्यात पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर १० फूट १० इंच असे. या प्रमाणात ते अकरा इंचांच्या किंचित आत बसते. लांबीचा हिशेब सोपा आहे. पण क्षेत्रफळ बाराच्या वर्गाने, म्हणजे १४४ पटींनी कमी होते, आणि घनफळ १,७२८ पटींनी. दीड टनाहून अधिक वजनाची ही मोटार मूळच्याच धातूंत या आकाराची घडविली, तर ती जेमतेम किलोभर भरेल. आणि ज्या गोष्टी लहान होण्याचे नाकारतात, त्यांनीच कारागिराची खरी परीक्षा पाहावी.

रंगाचेच पाहा. कुंचल्याने दिलेला दाट हात मिलिमीटरचा दहावा भाग जाड असला, तर मूळ मोटारीच्या हिशेबाने तो सव्वा मिलिमीटरचा लेप झाला. एवढ्या लेपाखाली बॉनेटवरच्या हवेच्या फटी बुजतात, रिव्हेटांची डोकी नाहीशी होतात. म्हणून रंग पातळ करून, दोन-तीन हलक्या थरांत, प्रत्येक थर पुरा वाळू देऊन चढवावा लागतो. चाकांचे आरे हे दुसरे संकट. मूळ आरा चार मिलिमीटरचा धरला, तर प्रतिकृतीत तो मिलिमीटरचा तिसरा हिस्सा व्हावा. साच्यात ओतलेले प्लॅस्टिक इतके बारीक उतरणे कठीण. म्हणून संचातील आरे बहुधा जाड वाटतात, आणि हौशी कारागीर ते काढून टाकून धावेपासून तुंब्यापर्यंत पोलादी तार स्वतः ओवतात. एका चाकाला एक संध्याकाळ पुरत नाही. चाके पाच आहेत, कारण एक जादा असते.

जुळणीची पहिली पायरी धुण्याची. साच्यातून भाग सुटावेत म्हणून लावलेला तेलकट पदार्थ त्यांवर राहिलेला असतो; कोमट साबणाच्या पाण्याने तो गेला नाही तर रंग धरत नाही. मग भाग पिळून तोडावयाचे नाहीत, चौकटीपासून कात्रीने वा धारदार पातीने कापावयाचे. साच्याचे दोन अर्धे जेथे मिळतात तेथे प्रत्येक भागावर केसासारखी एक रेघ उमटलेली असते. ती कानशीने आणि बारीक पॉलिशपेपरने घासून काढावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे यात शंका नाही. पण गोल नळीवर ती रेघ राहिली, की बघणाऱ्याला ताबडतोब प्लॅस्टिक दिसते आणि मोटार दिसेनाशी होते.

सांधण्याचे द्रव्य म्हणजे घरातली खळ किंवा डिंक नव्हे. ते पॉलिस्टायरीनला किंचित विरघळविते; दोन्ही पृष्ठभाग मऊ होऊन एकमेकांत मिसळतात, आणि द्रव उडून गेला की सांधा एकजीव होतो. म्हणूनच सांध्याच्या जागी रंग किंवा चकाकीचा मुलामा असेल तर आधी खरवडून काढला पाहिजे. नाहीतर चिकटतो तो केवळ रंग रंगाला. म्हणूनच एक थेंब जास्त झाला तर बोटाचा ठसा भागावर कायमचा उमटतो. खोलीची खिडकी उघडी ठेवावी, हेही त्या वाफेमुळेच सांगावे लागते.

सर्वांत महत्त्वाचा टप्पा सांगाड्याचा. दोन लांब तुळया, त्यांना जोडणारे आडवे दांडे, खाली पात्यांच्या स्प्रिंगा आणि दोन आस. द्रव्य लावण्यापूर्वी हे सर्व कोरडेच जुळवून काचेच्या तुकड्यावर ठेवून पाहावे. येथे एक मिलिमीटरची चूक म्हणजे मुळातली बारा मिलिमीटरची. ती आज दिसत नाही. शेवटी चाके बसल्यावर तीन जमिनीला टेकतात आणि चौथे अधांतरी राहते, तेव्हा दिसते. त्या वेळी उपाय उरलेला नसतो. उतावळ्या माणसाची मोटार सांगाड्यावरून ओळखता येते, असे म्हटले तर फारसे चुकीचे होणार नाही.

कंप्रेसर जोडताना पुस्तिका एका बाजूस ठेवून जरा थांबावे. त्याचे कंगोरेदार आवरण, बाजूचे दोन कार्ब्युरेटर, आणि दाबलेले मिश्रण मागे इंजिनाकडे नेणारी नळी : एवढे भाग क्रमाने बसविले की यंत्राचा श्वास कोठून कोठे जातो हे बोटांना कळते. कोणताही ग्रंथ हे इतक्या चटकन शिकवीत नाही. त्याला चांदीसारखी चमक देण्याचा मोह आवरावा. शर्यतीतले धातूचे आवरण तेलाने आणि उष्णतेने मळकट होते.

हिरव्या रंगाविषयी प्रतिकृतिकारांत वाद चालतो. शर्यतीत प्रत्येक देशाचा रंग ठरलेला असे : फ्रान्सचा निळा, इटलीचा लाल, ब्रिटनचा हिरवा. १९०३ साली गॉर्डन बेनेट चषकाची शर्यत आयर्लंडमध्ये झाली, तेव्हापासून ब्रिटिश मोटारींचा हा हिरवा रंग रूढ झाला. परंतु त्याची एकच छटा कधी ठरली नव्हती, त्यामुळे डबीवरच्या नावावर विसंबून उपयोग नाही. शिवाय बर्किन यांच्या मोटारींचा धड लाकडी चौकटीवर कापड ताणून केलेला होता. कापडावर आरशासारखी चकाकी येत नाही. चकचकीत हिरवी ब्लोअर दिवाणखान्यात शोभते खरी. पण ल मांला धावली ती तशी नव्हती.

ल मां म्हटले की दिवसही ठरवावा लागतो. १९३० सालच्या जूनमध्ये त्या शर्यतीत बर्किन यांनी रुडॉल्फ काराचिओला यांच्या मर्सिडीजचा पाठलाग केला. दोन चाके गवतावर घालून त्यांनी तिला मागे टाकले, आणि लगेच त्यांच्या टायरची साल उडाली. मर्सिडीज रात्रीच बंद पडली. पण कंप्रेसर बसविलेल्या एकाही बेंटलीला चोवीस तास पुरे करता आले नाहीत. जिंकली ती बार्नाटो व किडस्टन यांची साडेसहा लिटरची बेंटली, कंप्रेसरवाचून. डब्ल्यू. ओ. बेंटलींचा हिशेब खरा ठरला. त्याच वर्षी सप्टेंबरात पो येथे फ्रान्सची ग्रां प्री झाली. तेथे हलक्या, नाजूक मोटारींच्या घोळक्यात ही चार आसनांची अगडबंब ब्लोअर उतरली, आणि फिलिप एतांस्लँ यांच्या बुगाटीमागोमाग दुसरी आली. म्हणजे बर्किन हेही अगदीच चुकले नव्हते. मतभेद तेथेही मिटला नाही. १९३१ साली कंपनीच रोल्स-रॉइसच्या ताब्यात गेली, आणि पुढे मिटविण्यासारखे काही राहिले नाही.

मूळ मोटारींचे मोल आज इतके वाढले आहे की २०१९ साली बेंटली कंपनीने जुन्या ब्लोअरच्या बारा नव्या प्रती काढण्याचे जाहीर केले, तेव्हा तिला स्वतःच्याच संग्रहातील मोटार सुटी करून तिचा भाग न् भाग लेझरने मोजून घ्यावा लागला. पूर्ण आकाराची का होईना, तीही प्रतिकृतीच.

टेबलावर बसलेल्या माणसाला यांतून निवड करणे भाग आहे. ल मांची मोटार हवी असेल, तर रात्रीसाठी मोठे दिवे लागतात, उडणाऱ्या खड्यांपासून त्यांना वाचविणाऱ्या जाळ्या लागतात, चाकांवर पंखे लागतात. पोची हवी असेल, तर त्या शर्यतीसाठी मोटार हलकी करण्यात आली होती, हे ध्यानी धरून दिवे आणि पंखे बसवायचेच नाहीत. चार-चार वेळा घासून, रंगवून तयार केलेले ते भाग पेटीत तसेच ठेवून द्यायचे, आणि बॉनेटवरचा चामडी पट्टा तेवढा आवळायचा.