भिन्न मंडळांचे गुण आणि प्रवेशाची समान कसोटी

प्रवेशसमितीपुढे दोन अर्ज येतात. एका विद्यार्थ्यास गणितात ८२ गुण आहेत, दुसऱ्यास ७६. दोघांची परीक्षामंडळे निराळी, प्रश्नपत्रिका निराळ्या, तपासनीसही निराळे. ८२ ही संख्या ७६ पेक्षा मोठी आहे, हे अंकगणितात निर्विवाद असले तरी पहिला विद्यार्थी दुसऱ्यापेक्षा सरस आहे, असा निष्कर्ष त्यातून निघतोच असे नाही. पदवीच्या प्रवेशासाठी आपल्या देशात जी नानाविध सूत्रे प्रचारात आली, ती बहुतेक ह्या एका अडचणीतून निघालेली आहेत. ती कोणत्या गृहीतकांवर उभी आहेत, एवढ्यापुरताच विचार येथे करावयाचा आहे.

दिल्ली विद्यापीठाने ही अडचण जणू अस्तित्वातच नाही, असे धरून दीर्घकाळ व्यवहार केला. कोणत्याही मंडळाचे टक्के सारखेच मानावयाचे आणि महाविद्यालयांनी आपापली कट-ऑफ यादी लावावयाची, अशी तेथील रीत होती. तिचे टोक २०११ मध्ये दिसले. श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सने वाणिज्य विषय न घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी १०० टक्क्यांची अट घातली. पुढे २०२१ मध्ये अनेक महाविद्यालयांच्या पहिल्याच यादीत १०० टक्के झळकले आणि केरळ मंडळाच्या विद्यार्थ्यांना काही लोकप्रिय अभ्यासक्रमांत मोठ्या संख्येने प्रवेश मिळाल्यावरून वाद माजला. त्या वर्षी महासाथीमुळे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाची बारावीची परीक्षा झालेली नव्हती. दहावी, अकरावी व बारावी ह्यांच्या कामगिरीस अनुक्रमे ३०, ३० व ४० असा भार देऊन निकाल लावण्यात आला होता. केरळने मात्र परीक्षा घेतली होती. म्हणजे एका यादीत शेजारी शेजारी छापलेले दोन आकडे एकाच जातीचे नव्हते. शिवाय मंडळांचे गुण मुळातच ‘कच्चे’ नसतात. प्रश्नपत्रिकेच्या काठिण्याप्रमाणे गुण वाढविण्याची प्रथा बंद करण्याचे केंद्रीय मंडळ व अनेक राज्य मंडळे ह्यांनी २०१७ मध्ये ठरविले, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने त्या वर्षापुरती ती चालू ठेवावयास सांगितले होते. वर्षाच्या मध्येच नियम बदलू नये, हा त्यातील मुद्दा होता. तो पुढे पुन्हा येणारच आहे.

गुणांचे समीकरण करण्याची सर्वांत सोपी रीत तामिळनाडूची. तेथे २००६ च्या कायद्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांची प्रवेशपरीक्षा रद्द झाली आणि प्रत्येक विषयात इतर मंडळाचा सर्वोच्च गुण राज्य मंडळाच्या सर्वोच्च गुणाबरोबर मानण्याचे सूत्र आले. समजा, एका मंडळात गणितातील सर्वोच्च गुण ९५ आहे व राज्य मंडळात १००. तर त्या मंडळाच्या ७६ गुणांचे ८० होतील. सूत्र कोणासही समजेल असे आहे आणि हा त्याचा लहानसा गुण नव्हे. परंतु लक्षावधी विद्यार्थ्यांचे मोजमाप ते एका विद्यार्थ्याच्या खांद्यावर टाकते. दोन्ही मंडळांत कोणा एकास १०० गुण मिळाले, की सूत्र काहीच करीत नाही. मग एका मंडळाची सरासरी ५५ असो वा ७५.

केरळने अभियांत्रिकी प्रवेशासाठी सरासरी व प्रमाण विचलन ह्यांचा आधार घेतला. ज्या मंडळाची सरासरी ७० व प्रमाण विचलन ८ आहे, तेथील ८२ गुण सरासरीच्या दीड विचलन वर असतात. सरासरी ५५ व विचलन १४ असेल, तर ७६ गुणांचे स्थान नेमके तेवढेच. आरंभीचे आपले दोन अर्जदार ह्या मापाने समान ठरतात! मात्र दोन्ही मंडळांतील विद्यार्थ्यांची सरासरी योग्यता सारखीच आहे, हे येथे न बोलता गृहीत धरले जाते. केंद्रीय मंडळाच्या शाळांत व खेड्यांतील राज्य मंडळाच्या शाळांत येणारी मुले एकाच सामाजिक थरांतून येतात काय, हा प्रश्न सूत्र विचारीत नाही.

ह्या गृहीतकाशी सरळ झुंज घेणारा एक प्रयोग २०१३ ते २०१६ ह्या काळात झाला, आणि तो फार लवकर विस्मृतीत गेला असे प्रस्तुत लेखकास वाटते. जेईई मेनच्या गुणवत्ता यादीत त्या चार वर्षांत परीक्षेला ६० टक्के व बारावीच्या गुणांना ४० टक्के भार होता. विद्यार्थ्याचे आपल्या मंडळातील शततमक (व्यवहारात ज्यास ‘पर्सेंटाइल’ म्हणतात ते) प्रथम काढावयाचे. मग त्याच शततमकावर जेईईमध्ये अखिल भारतीय पातळीवर किती गुण पडतात, हा पहिला आकडा. आणि केवळ त्याच्या मंडळाच्या विद्यार्थ्यांत किती पडतात, हा दुसरा. ह्या दोहोंची सरासरी म्हणजे त्याचे समीकृत गुण.

ह्या कृतीत दडलेला तडजोडीचा भाग पाहण्याजोगा आहे. पहिला आकडा सर्व मंडळे तुल्य मानतो. दुसरा, त्यांच्यात फरक आहे व तो जेईईने अचूक दाखविला आहे, असे मानतो. दोन्ही टोके एकाच वेळी खरी असणे शक्य नाही. तेव्हा योजकांनी मधोमध रेघ ओढली. हा निर्णय संख्याशास्त्राचा नव्हे, न्यायबुद्धीचा होय. त्यातही एक उणीव राहिलीच. शततमक काढावयाचे ते जेईईस बसलेल्यांतून. ज्या राज्यात मोजकी हुशार मुलेच ह्या परीक्षेकडे वळत, तेथील चांगल्या विद्यार्थ्याचे शततमक त्यामुळे खाली येई. महाराष्ट्रानेही २०१४ व २०१५ मध्ये अभियांत्रिकीसाठी जेईईचा स्वीकार करून पाहिला व २०१६ मध्ये पुन्हा स्वतःच्या सीईटीकडे धाव घेतली. २०१७ पासून जेईईच्या क्रमवारीतील बारावीचा भारच काढून टाकण्यात आला.

सर्वांना एकच परीक्षा द्यावी, म्हणजे मंडळांचा प्रश्न मिटला, ही कल्पना मोहक आहे. २०२२ मध्ये सीयूईटी आल्यावर दिल्ली विद्यापीठात बारावीचे गुण मुख्यतः पात्रतेपुरते उरले. परंतु एका विषयाची परीक्षा निरनिराळ्या दिवशी घेतली गेल्याने प्रत्येक सत्राचे शततमक काढून गुणांचे समीकरण करणे तेथेही चुकले नाही. पाठीमागच्या दाराने तोच पाहुणा पुन्हा घरात आला. सत्रांमध्ये विद्यार्थी साधारणपणे यदृच्छेने विभागलेले असतात, म्हणून तेथे तुल्यतेचे गृहीतक बरेच सुरक्षित असते, हे मान्य केले पाहिजे. मंडळांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. शिकवणीवर्गाचा खर्च झेपणारा विद्यार्थी आणि न झेपणारा विद्यार्थी ह्यांतील अंतर मात्र समान प्रश्नपत्रिकेने मोजले जाते, पुसले जात नाही. तामिळनाडूने २०२० मध्ये वैद्यकीय प्रवेशात शासकीय शाळांतील विद्यार्थ्यांसाठी ७.५ टक्के जागा राखल्या, त्या हे ओळखूनच. गुणांत फेरफार करण्यापेक्षा जागांची वाटणी उघडपणे करणे आम्हास अधिक प्रामाणिक वाटते, कारण कोणते मूल्य जपावयाचे हे तेथे सूत्रात लपत नाही.

सूत्र कधी जाहीर होते, ह्यालाही सूत्राइतकेच महत्त्व आहे. केरळने २०२५ मध्ये निकालाच्या तोंडावर आपले जुने सूत्र बदलले. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांवरील अन्याय दूर करण्याचा त्यामागील हेतू होता. उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो बदल रद्द ठरविला आणि जुन्या सूत्राने यादी पुन्हा लावावी लागली. विद्यार्थी तेच, उत्तरपत्रिका त्याच, क्रम मात्र निराळे.

आमच्या विषयाच्या दृष्टीने येथे एक संशोधन करण्याजोगे आहे. प्रवेशानंतर पहिल्या व तिसऱ्या वर्षी विद्यार्थ्यांचे काय होते, ह्याची मंडळवार नोंद विद्यापीठांच्या परीक्षा विभागांत पडून असते. तिच्यावरून कोणते सूत्र भाकिताच्या कसोटीस उतरते, हे पाहता येईल. पण अशा अभ्यासात एक सापळा आहे. नोंद असते ती प्रवेश मिळालेल्यांची. वर्गात बसलेले सर्व विद्यार्थी गुणांच्या अरुंद पट्ट्यातूनच निवडलेले असल्यामुळे प्रवेशगुण व पुढील यश ह्यांतील सहसंबंध कृत्रिमरीत्या क्षीण दिसतो. आणि ज्यास जागा नाकारली गेली, त्याने काय केले असते, ह्याचा एकही आकडा त्या कागदांत नसतो.